बसऱ्याची मोहीम आणि तुझा हट्ट

नाना, आज पुन्हा कोणीतरी दारावर बसायला आलं आणि पुन्हा तेच बोलून गेलं. "नानानी धरम सोडा नही." मी आत पाण्याचे पेले भरत होते. ते तिथेच ठेवले आणि मागच्या दारानं अंगणात जाऊन, कारण नसताना, झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. तुझ्या सूनबाईनं खिडकीतून पाहिलं आणि बाजूला झाली. या घरात सध्या मला कोणी काही विचारत नाही. आत्या चिडलेली आहे, एवढं सगळ्यांना कळलंय. कोणावर, ते मलाही धड सांगता येत नाही.

बहुतेक तुझ्यावरच. माणूस गेल्यावर त्याच्यावर चिडू नये म्हणतात, पण तू जिवंत असताना तुझ्यावर चिडायची मला साठ वर्षांची सवय आहे, ती दहा-बारा दिवसांत कशी सुटणार? तू शिरपूरच्या शाळेत इतिहास शिकवलास, मी सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून हाडं झिजवली, निम्मी नोकरी पिंपळनेरकडे. दोघं निवृत्त झालो. तू नरडाण्याजवळच्या आपल्या गावी येऊन राहिलास, मी धुळ्यात. फोन रोज. आणि रोजच्या फोनमध्ये भांडण कशावरून? शंभर वर्षांपूर्वीच्या एका लढाईवरून. माझ्या मैत्रिणी भावांशी वाटण्यांवरून भांडतात. मी तुझ्याशी बसऱ्यावरून भांडत आले.

सगळ्याच्या मुळाशी आपला सुपडूबाबा. आजोबांचा थोरला भाऊ. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर समुद्र ओलांडून बसऱ्याला गेला, खच्चरं हाकायला. बंदूक त्याच्या हातात कधी दिली की नाही, देव जाणे. फौज बसऱ्याहून नदीकाठानं बगदाद घ्यायला निघाली, अर्ध्या वाटेवरून मार खाऊन मागे फिरली आणि कुत नावाच्या गावात कोंडली गेली. बाहेर शत्रूचा वेढा, आत उपासमार. दाणे संपले तशी घोडी आणि खच्चरं कापून खायची पाळी आली. आपल्याकडच्या पुष्कळ शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. त्यात आपला सुपडूबाबा. हगवणीनं आणि हिरड्या सडून तो तिथेच गेला. बरोबरचा कोणी एक सुटून धुळ्याकडे परत आला, त्यानं गावात येऊन हे सांगितलं.

ते ऐकून त्याच्या आईनं, म्हणजे आपल्या पणजीनं, ओट्यावर उभं राहून सांगितलं म्हणतात, "मना सुपडूनी घोडं खादं नही. आते या घरना कोनी घोडावर बसाव नही." झालं. तेव्हापासून आपल्या घरातला एकही नवरदेव घोड्यावर बसला नाही. तुझी वरात बैलगाडीतून निघाली. मी तेव्हा फ्रॉकातली, माझा भाऊ घोड्यावर बसणार म्हणून मैत्रिणींना सांगून बसलेली. गाडीला जुंपलेले बैल पाहिल्यावर मी मांडवाच्या खांबाला धरून इतकी रडले की लोकांना वाटलं, भाऊ परका होतोय म्हणून पोर रडतेय. तुझ्या पोराच्या, प्रवीणच्या लग्नात उघडी जीप होती. व्याही विचारत होते, "पाव्हनं, घोडं का नही?" तू तिथे भर उन्हात, फेटा बांधून, त्यांना कुतचा वेढा समजावून सांगत उभा. बिचाऱ्यांनी जेवायला बोलावलं म्हणून सुटका झाली.

तुझा तो नकाशा आठवतो. ओट्यावर शेंगा फोडत बसलो की तू टरफलांची नदी करायचास. तांब्या म्हणजे बसरा, पानाचा डबा म्हणजे बगदाद, मधे चुन्याची डबी म्हणजे कुत. दाण्यांचं सैन्य टरफलांच्या कडेकडेनं पुढे सरकायचं. मी तेव्हा पिंपळनेरहून सुट्टीला आलेली. तिकडच्या पाड्यांवर हगवणीची साथ होती, सलाईनच्या बाटल्या लावून लावून माझे हात दुखत होते. तुझी फौज बगदादकडे निघाली आणि मी विचारलं, "नाना, संडास कोठे व्हतात त्यासना?"

तू हातातला दाणा परत तांब्यापाशी ठेवलास.

"तू इतिहासमा घान आनस," म्हणालास.

मी म्हटलं, घाण मी आणली नाही, ती तिथे होतीच. एवढी माणसं, एवढी जनावरं, एकच नदी. वरच्या अंगाला कोण बसत होतं आणि खालच्या अंगाला पाणी कोण भरत होतं, एवढं सांग, मी तुला मोहिमेचा निकाल सांगते. तू वहिनींना हाक मारून चहा मागितलास, म्हणजे विषय बदललास. पण दोन वर्षांनी तुझा एक विद्यार्थी मला धुळ्याच्या स्टँडवर भेटला. म्हणाला, नाना सर इतके वेगळे शिकवतात, लढाई सुरू करण्याआधी विचारतात, या सैन्याचे संडास कुठे होते सांगा. मी त्याला काही बोलले नाही. तुला फोन केला आणि नुसती हसले. तूही हसलास, पण श्रेय दिलं नाहीस ते नाहीच.

तेव्हापासून आपल्या बाजू ठरल्या. मी म्हणायचे, ती मोहीम रोगानं बुडवली. हगवण, पटकी, ताप, हिरड्यांचा रोग. गोळी लागून मेले त्यांची नावं दगडावर लागली, बाकीचे चादरीत गेले. तू म्हणायचास, नाही. रोग नुसता मागून आला. मोहीम बुडवली ती हट्टानं. बगदाद घ्यायचंच म्हणून बसलेल्या साहेबांनी बोटी किती आहेत, दवाखाने किती आहेत, हे बघितलंच नाही. मी म्हणायचे, तेव्हा डॉक्टरांना तरी कुठे काय कळत होतं! आणि इथे तू मला चीत केलंस, ते मी आज कबूल करते. तू म्हणालास, बठ्ठं, सगळं कळत होतं. हिरड्या सडतात त्याला हिरवा पाला आणि लिंबू लागतं, हे डॉक्टरांना माहीत होतं. नदीकाठचं तण गोळा करून खा म्हणून शिपायांना सांगतही होते. औषध होतं, पण ते नदीच्या खालच्या टोकाला होतं आणि रोगी वरच्या टोकाला. माहीत असणं वेगळं आणि तोंडापर्यंत पोहोचणं वेगळं. नोकरीभर पाड्यांवर चालत लसी नेणाऱ्या बाईला हे तू सांगायला नको होतं, पण तू सांगितल्यावरच मला ते नीट दिसलं.

एका गोष्टीवर मात्र आपलं कधीच जमलं नाही. सुपडूबाबानं घोडं का नाही खाल्लं? तू म्हणायचास, धर्म राखला. मग तूच कुठूनतरी वाचून काढलंस की वेढ्यातल्या शिपायांसाठी धर्मगुरूंकडून परवानगी आली होती. खा, दोष नाही. तरीही कित्येकांनी खाल्लं नाही, कारण परत गेल्यावर गाव काय म्हणेल, आपल्या पोरींना कोण करून घेईल. मी म्हटलं, "म्हणजे देवानं परवानगी दिली, गावानं दिली नाही." तुला ते वाक्य आवडलं नाही. मला वाटायचं, यातलं काहीच नसेल. तो खच्चरं सांभाळणारा माणूस. ज्याला रोज चारा घातला, पाणी पाजलं, त्याच्या मांसाचा घास घशाखाली कसा उतरेल? आणि कधी तुला डिवचायचं असलं की म्हणायचे, नाना, खाल्लंही असेल रे त्यानं. भुकेला माणूस. कोणी पाहिलं? मग तू फोन ठेवून द्यायचास. तासाभरानं पुन्हा करायचास, "जेवनी का?"

दर वर्षी शाळेत ही गोष्ट तू सांगितलीस. निवृत्तीनंतर भजनी मंडळात सांगायला लागलास, आखाजीच्या सणाला गावातल्या पोरांना सांगायला लागलास. गळ्यात माळ आली, मग गोष्टीतला धर्म आणखी वाढला. मला हे कळत होतं, आणि चालेल म्हणून मी सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसाला एक गोष्ट असावी.

मग तुझा पाय.

साखर तुला वीस वर्षांची. अंगठ्याला चप्पल लागली, एवढंच. जखम भरेना. धुळ्याच्या डॉक्टरांनी हाडापर्यंत जंतू गेल्याचं सांगितलं आणि मोठ्या मुदतीचं औषध लिहून दिलं, काही गोळ्या, काही कॅप्सूल. मी तुला बसवून, डबीत खण करून, सकाळ-संध्याकाळ लावून दिलं. तू नर्सबाईचं ऐकतोयस असं तोंड केलं होतंस. मी निश्चिंत होऊन माझ्या घरी आले.

पुढच्या खेपेला आले तेव्हा ओट्यावर पाय ठेवल्या ठेवल्या वास आला. तो वास मी जन्मभर ओळखते. पट्टी सोडली आणि तुला विचारलं, औषध घेतोस ना? वहिनी आतून म्हणाल्या, वेळच्या वेळी. तू मान खाली घातलीस आणि म्हणालास, "गोळ्या लेस. कॅप्सूल नही."

का? तर भजनी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी पाठवलं होतं की कॅप्सूलचं वरचं आवरण जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. ते खोटं नव्हतं, तेच तर. निम्म्या गोष्टी खोट्या पाठवणाऱ्या त्या ग्रुपनं नेमकी एक खरी पाठवली आणि ती तुझ्या वाटेला आली. मी ओरडले. म्हटलं, अरे, मला एक फोन करायचास. याच औषधाला गोळी मिळते, इंजेक्शन मिळतं, डॉक्टर बदलून देतील, त्यात काय अवघड! तू म्हणालास, डॉक्टरांना आता विचारतो. मंडळाच्या दगा आबांना तू आधीच विचारलं होतंस. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "नाना, औषधले दोष नही ऱ्हास." तरी तू घेतली नाहीस. मी विचारलं, आबांनी हो म्हटल्यावर तुझं काय अडलं होतं? तेव्हा तू जे बोललास ते माझ्या डोक्यातून जात नाही.

"बठ्ठा गावले मी सुपडूबाबानी गोष्ट सांगी. आते मी कोनतं तोंड दखाडू?"

नाना, तू तुझ्याच गोष्टीत कोंडला गेलास. बाहेरून कोणी वेढा घातला नव्हता. एक पाव्हणा, एक विद्यार्थी, एक शेजारी म्हणाला नसता की नाना सरांनी कॅप्सूल खाल्ली. कोणाला कळलंही नसतं. पण तुला ते शंभर वर्षांपूर्वीचे डोळे दिसत होते, पणजीचे. मी त्या दिवशी म्हटलं, तुझा हट्ट तुला मारेल. तू म्हणालास, "हट्ट नही, सुमन. रोग मारी." म्हणजे बघ, आपण बाजू बदलल्या. ओट्यावर इतकी वर्षं तू हट्टाच्या बाजूनं होतास आणि मी रोगाच्या. तुझा पाय सुजला आणि मी तुझं बोलायला लागले, तू माझं. आपल्या दोघांच्याही ते लक्षात आलं होतं. तुझ्या मिशीत हसू आलं होतं. मला नाही आलं.

डॉक्टरांनी औषध बदललं. पण मधले दिवस गेले ते गेलेच. ताप चढला, दवाखान्यात नेलं, रक्तात जंतू पसरले. मी नर्स आहे. मला हे पक्कं माहीत आहे की कॅप्सूल घेतल्या असत्या तरी तू गेला असतास कदाचित. वय, साखर, हाडापर्यंत गेलेली जखम, घेणारेसुद्धा जातात. आणि हेही माहीत आहे की कदाचित राहिला असतास. या दोन कदाचितांच्या मधे मला दिवसभर बसवत नाही. चहा करते, पीत नाही. बसस्टॉपपर्यंत जाते, परत येते. वाटतं तुला फोन करून विचारावं, खरं सांग, कशानं गेलास. आपलं भांडण अर्धं ठेवून तू गेलास याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. आणि कधी वाटतं, तुला हरवायचंच नव्हतं मला. तू बोलत राहावास म्हणून मी उलटं बोलायचे. माझ्या नोकरीतल्या कोणत्याच गोष्टीत कोणाला रस नव्हता, नवऱ्याला नाही, पोरांना नाही. तू एकटा विचारायचास, मग त्या पाड्यावर पुढे काय व्हयनं? आणि मग तो पाडा उचलून तुझ्या बसऱ्यात नेऊन ठेवायचास. हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू शेफारला असतास.

त्या दवाखान्यात आतल्या खोलीत मला एकटीला सोडलं, जुनी सिस्टर म्हणून. तुझ्या दोन्ही हातांना सुया होत्या, नाकाला नळी. सगळं औषध शिरेतून जात होतं. तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "पाय थंडा पडना का मना?" मी हात लावून पाहिला. पडला होता. मी म्हटलं, नाही. तू बरं म्हणालास. त्यानंतर काही बोलला नाहीस. आत फक्त मी होते. हे लक्षात ठेव, नाना, पुढे याचं काम आहे.

तुला आणल्यापासून माणसं दारावर यायला लागली. पहिल्या दिवशी दगा आबा म्हणाले, नानांनी कॅप्सूलला हात लावला नाही. आबांनीच तुला घे म्हणून सांगितलं होतं, आणि आता आबाच डोळे पुसत तुझी वाहवा करत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी ऐकलं, नानांनी औषधालाच हात लावला नाही. मग शिंदखेड्याकडून आलेल्या एका बाईंनी मलाच सांगितलं, नाना शेवटी नुसत्या तुळशीच्या पाण्यावर होते. मला सांगितलं! ज्या बाईनं तुझ्या जखमा धुतल्या तिला! आणि प्रत्येक जण शेवटी म्हणणार, "सुपडूबाबासारखंच करं नानानी." तू इतिहासाचा मास्तर. गोष्ट कशी वाढते, ते तूच मला शिकवलंस. बसऱ्याहून परत आलेल्या त्या माणसानं खरोखर काय सांगितलं असेल, आणि पणजीपर्यंत ते काय होऊन पोहोचलं असेल! आता समोर बसून मी ते वाढताना बघत होते आणि गप्प होते. मला वाटलं, जाऊ दे. गेलेल्या माणसाला थोडी कीर्ती मिळाली तर माझं काय जातं? वहिनींना त्याचा आधार होत होता. कोणी तसं म्हटलं की त्या पदर सावरून जरा ताठ बसायच्या.

मग वहिनींना खोकला सुरू झाला. उन्हाचं, दिवसभर माणसांत बसणं, पोटात अन्न नाही. ताप आला. मी छातीला कान लावला आणि प्रवीणला म्हटलं, गाडी काढ. शिरपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला, न्यूमोनिया सांगितला, दाखल व्हा म्हणाले. वहिनी म्हणाल्या, गंधमुक्ती होऊन सुतक फिटल्याशिवाय मी घर सोडणार नाही. औषध लिहून दिलं, कॅप्सूल. मी तिथल्या तिथे गोळ्या मागितल्या, तेवढी अक्कल मला तुझ्यापासून आली होती. म्हटलं, याही राहू द्या आणि त्याही द्या, वहिनी जी घेतील ती. घरी आलो. वहिनींनी पुडी भिंतीतल्या देवळीत ठेवली.

"त्यासनी औषधले हात लावा नही. मी कशी लेऊ?"

मी सांगितलं, वहिनी, या गोळ्या आहेत, कॅप्सूल नाहीत. नाना गोळ्या घेत होते, तुम्ही स्वतः पाण्याचा पेला देत होता. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी काही घाण बोलले. त्यांना ते आठवतच नव्हतं, नाना. स्वतःच्या हातानं दिलेला पेला त्यांना आठवत नव्हता. माणसांनी दारावर बसून इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यांच्या डोळ्यांसमोर आता तुळशीचं पाणी पिणारा नवराच उभा होता. प्रवीण समजूत घालून थकला, मग दाराशी उभा राहून म्हणाला, "आत्या, तिनी इच्छा शे तं ऱ्हाऊ दे. बाबांचा मान आहे." मला प्रवीणच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. कंपनीत मशीन चालवतो, ज्ञान सगळं, आणि आईचा श्वास मोजायची अक्कल नाही. ताप दुसऱ्या दिवशीही होता, तिसऱ्या दिवशीही. बोलताना दम लागायला लागला. मी रागावले, हात जोडले, पाया पडले. एकच उत्तर, त्यांनी नाही घेतलं.

मला तेव्हा लख्ख दिसलं की पणजी ओट्यावर उभी राहून बोलली तेव्हा घोड्यावर न बसण्यानं कोणाचं काही गेलं नव्हतं. या वेळी जाणार होतं.

काल दुपारी ओटीवर माणसं भरलेली होती. दगा आबा मधे, भिंतीला टेकून. वहिनी खांबाशी, अंगावर चादर, डोळे तापानं लाल. आबांनी नेहमीची गोष्ट सुरू केली. वेढा, घोडी, सुपडूबाबा, आणि मग तू. पोरीबाळी ऐकत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आबा म्हणाले, "नानानी शेवटपर्यंत..." आणि मी म्हटलं, "नाही आबा. शेवटी घेतली त्यानं."

सगळे माझ्याकडे वळले.

"दवाखान्यात, आतल्या खोलीत मी होते," मी म्हटलं. "त्यानंच मागितली. म्हणाला, सुमन, चुकलं माझं, दे ती कॅप्सूल. मी माझ्या हातानं त्याच्या तोंडात घातली. म्हणाला, हिला सांग. मी सांगायला उशीर केला."

इतकं सराईत खोटं मी जन्मात बोलले नव्हते. आवाज हलला नाही. रोग्यांच्या नातेवाइकांशी बोलताना लागतो तो आवाज होता, तो अजून जागा आहे. आबा माळेचे मणी ओढत बसले. शिंदखेड्याच्या त्या बाई पुन्हा आल्या होत्या, त्यांनी शेजारणीकडे पाहिलं. प्रवीणचा चेहरा उतरला. मी बघत होते, तुझी कीर्ती त्या ओटीवरून माणसागणिक कमी होत होती आणि मी ती होऊ देत होते. मला फक्त एकाच चेहऱ्याशी काम होतं.

वहिनींनी चादरीचा काठ मुठीत धरला. मग म्हणाल्या, "खरं शे का, सुमनताई?"

"खरं आहे."

"त्यासनी मांगी?"

"हो."

त्यांनी श्वास घेतला, तो अर्ध्यात अडकला, खोकल्या. मग विचारलं, "पानीसंगे लिधी का दूधसंगे?"

नाना, मला हे कसं सुचलं असतं? त्यांच्यापुरती ओटीवरची माणसं तिथे नव्हतीच. बाईला एवढंच पाहिजे होतं की तुझ्या तोंडात शेवटी काय गेलं, कशाबरोबर गेलं, तिच्या हातानं गेलं नाही तर निदान कसं गेलं. मी म्हटलं, "पाण्यासोबत. कोमट."

वहिनींनी सुनेकडे बघितलं. "पानी आन वं. कोमट कर." देवळीतली पुडी त्यांनी स्वतः उठून घेतली. गोळ्याही होत्या तिच्यात, मी मुद्दाम ठेवल्या होत्या. त्यांनी कॅप्सूल घेतली. सगळ्यांसमोर, डोळे मिटून, एका घोटात.

आबा लवकर उठले. आज दारावर माणसं कमी होती, आणि कालचं न ऐकलेला तो एक सोडला तर आली त्यांच्यातही नव्या बातमीची कुजबुज होती. उद्या-परवा तुझ्याबद्दल लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. म्हणतील, नाना शेवटी हरले. प्रवीण माझ्याशी धड बोलत नाही. तू असतास तर महिनाभर फोन केला नसतास. आणि तू असावास, एवढंच मला पाहिजे होतं.

तुझ्या नावाला मी बट्टा लावला, नाना, आणि मला त्याचं काहीच वाटत नाही. वहिनींचा ताप पहाटे उतरला. आज त्यांनी अर्धी कळण्याची भाकरी खाल्ली, वर मिरचीचा ठेचा मागितला. मी नको म्हटलं. त्या भांडल्या.